शीट मेटल वर्कर ट्रेडची परीक्षा द्यायचीय? आधी कागदं नीट करा, मग पत्र्याला हात लावा

आपल्याकडं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारी पोरं भरपूर आहेत, कुणी कंट्रोल पॅनलच्या बॉड्या बनवतंय, कुणी डक्टिंगवर आहे, उन्हाळा आला की कूलरच्या बॉड्यांचं काम तर लातूर-नांदेडपासून सगळीकडंच निघतं. हात चांगला असतो पण कागद नसतो. दुसरीकडं आयटीआय पूर्ण करूनही ज्यांचं सर्टिफिकेट नावातल्या चुकीपायी अडकून पडलंय अशीही पोरं आहेत. दोघांसाठीही हे लिहितोय. जरा लांबलंय पण सगळं वाचा, कारण यातली अर्धी कामं परीक्षेच्या महिनाभर आधी करतो म्हणलं तर होत नाहीत.

नेमकं कोणतं सर्टिफिकेट ते आधी बघा

शीट मेटल वर्कर हा आयटीआयमधला 1 वर्षाचा ट्रेड आहे. वर्ष संपलं की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते, तिला सगळे एआयटीटी म्हणतात, ही केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची म्हणजे डीजीटीची परीक्षा. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, म्हणजेच एनटीसी. कंपनीत, रेल्वेत, सरकारी भरतीत "आयटीआय पास" म्हणतात ते या कागदाला. आठ-पंधरा दिवसांचं ओरिएंटेशन करून मिळणारं आरपीएलचं, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाला मान्यता देणारं, सर्टिफिकेट वेगळं, त्याचा उपयोग आहे, पण भरतीच्या जाहिरातीत एनटीसी मागितलेलं असेल तर तिथं ते चालत नाही. हा घोळ करून पोरं पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात म्हणून आधीच सांगितलं.

प्रायव्हेट आयटीआयला ॲडमिशन घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा, शीट मेटलच्या युनिटला, म्हणजे तुकडीला, डीजीटीची संलग्नता आहे का (लोक अजून तिला एनसीव्हीटीची म्हणतात). नुसती संस्थेला आहे म्हणून भागत नाही, ट्रेडला आणि त्या युनिटला पाहिजे.

पात्रता

वय 14 पूर्ण पाहिजे, वरच्या वयाची अट महाराष्ट्रात आयटीआय प्रवेशाला नाही, त्यामुळं तिशीतला माणूसही बिनधास्त बसू शकतो. दहावी नापास झालेल्यालाही हा ट्रेड मिळतो, मराठवाड्यात दहावीला गणितात नाहीतर इंग्रजीत राहिलेली कितीतरी पोरं शेतात नाहीतर हातमजुरीला लागतात त्यांना हे कुणी सांगतच नाही. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात, पॅनल बनवणाऱ्या शॉपमध्ये मुली चांगलं काम करायलेत, तेव्हा घरच्यांनी उगीच मागं ओढू नये.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दहावी नापासवर आयटीआय होतं, पुढं रेल्वेची ॲप्रेंटिस भरायची म्हणलं की अडतं. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीत शीट मेटल वर्कर हा ट्रेड असतो, पण तिथं दहावीला 50 टक्के आणि सोबत आयटीआय असं दोन्ही मागतात, वयही 15 ते 24 लागतं, राखीव गटांना सूट असते. म्हणून ट्रेड चालू असतानाच दहावीचे राहिलेले विषय काढून टाका, पुढं ढकलू नका.

ज्यांनी आयटीआय केलंच नाही पण शॉपमध्ये बरीच वर्षं झाली त्यांना खाजगी उमेदवार म्हणून एआयटीटीला बसायचा रस्ता आहे. त्याला त्या ट्रेडची शैक्षणिक पात्रता आणि त्याच ट्रेडमधला किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तुम्ही नेमकं काय काम करता ते लिहून घ्या. "हेल्पर" असं लिहून दिलं तर त्या पत्राला वजन राहत नाही, "शिअरिंग, बेंडिंग, फॅब्रिकेशन" अशी कामं नावानिशी यायला पाहिजेत. जोडीला पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, ईएसआयसीचं कार्ड जे काय असेल ते ठेवा. ज्यांचा शेठ पत्र द्यायला टाळाटाळ करतो त्यांना पीएफचं पासबुक लई कामाला येतं, कारण कोणत्या महिन्यापासून कोणत्या आस्थापनेत होता ते त्यात दिसतं. हा अर्ज थेट कुठं ऑनलाइन टाकून देऊ नका, जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जा आणि परीक्षा विभागात विचारा की यंदाचं खाजगी उमेदवारांचं परिपत्रक आलंय का, तारखा त्यातच असतात.

कागदपत्रं

प्रवेशाला लागणारी यादी सगळ्यांना माहिती असते, दहावीची मार्कलिस्ट, टीसी, आधार, फोटो, राखीव जागेवर असाल तर जातीचा दाखला, ओबीसी वगैरे असाल तर नॉन क्रीमीलेयर, डोमिसाईल. नॉन क्रीमीलेयरची मुदत बघून घ्या, पोरं जुना घेऊन येतात आणि फेरीच्या दिवशी तहसीलला पळतात. तहसीलची कामं मे महिन्यातच उरका, निकाल लागला की सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. 2023 ला जिल्ह्यांची नावं बदलल्यामुळं काहींच्या कागदावर औरंगाबाद नाहीतर उस्मानाबाद आहे आणि काहींच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर नाहीतर धाराशिव, त्याला घाबरू नका, फॉर्ममधला जिल्हा मात्र आजच्या नावानं निवडा.

खरा त्रास नावाचा आहे, तो नीट समजून घ्या. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं, मग तुमचं नाव, मग वडलांचं. आधारवर तुमचं नाव पहिलं आणि आडनाव शेवटी. एका ठिकाणी वडलांचं नाव ज्ञानोबा, दुसऱ्या ठिकाणी ग्यानोबा, इंग्रजीत स्पेलिंग तिसरंच. आता प्रशिक्षणार्थींची नोंद, हॉल तिकीट, निकाल सगळं स्किल इंडिया डिजिटल हब पोर्टलवर असतं आणि तिथं आधारची ओटीपी लागते, म्हणून आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. घरातल्या एकाच नंबरवर सगळ्यांची आधारं जोडलेली असतात आणि तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या भावाकडं असतो, मग ओटीपी मागायला फोन करत बसावं लागतं. आपला नंबर वेगळा जोडून घ्या.

ॲडमिशन झालं की महिन्याभरात पोर्टलवर आपली माहिती उघडून बघा. नाव, वडलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, फोटो, ट्रेडचं नाव. मार्कलिस्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. चूक असेल तर आयटीआयमध्ये लेखी अर्ज द्या, सोबत मार्कलिस्टची झेरॉक्स जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. सर्टिफिकेट छापून आल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे चपला झिजवणं आहे. वर्षाच्या सुरुवातीला तेच काम एका अर्जात होतं.

परीक्षेला बसायला काय लागतं

हजेरी 80 टक्के. याच्याखाली गेला की फॉर्म अडकतो. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसात आपल्याकडची पोरं सरळ पंधरा-पंधरा दिवस गायब होतात, घरची अडचण खरी असते, नाही म्हणत नाही, पण ॲडमिशनच्या दिवशीच हिशोब करा की वर्षभरात किती सुट्ट्या परवडतील आणि त्या सुगीसाठी राखून ठेवा, बाकी दिवस एकही खाडा नको.

परीक्षा साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते. फी आयटीआयमार्फत भरली जाते, पावती घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. हॉल तिकीट आपल्या लॉगिनला येतं, प्रिंट काढून संस्थेतून सही-शिक्का घेतलेला बरा, आणि मूळ आधार सोबत. सेंटर दुसऱ्या गावाला आलं तर सकाळच्या पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकाकडं मुक्काम करा.

थिअरी कॉम्प्युटरवर असते. 75 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, वेळ 2 तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. यात ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्स येतं. एम्प्लॉयबिलिटीकडं पोरं ढुंकून बघत नाहीत, पण 75 पैकी 25 प्रश्न तिचेच असतात. थिअरीला पासिंग 33 टक्के, प्रॅक्टिकलला आणि वर्षभराच्या मूल्यमापनाला 60 टक्के. ग्रेस मार्क नाहीत. हे आकडे परत वाचा. थिअरीत काठावर निघता येतं, प्रॅक्टिकलला काठच 60 वर आहे. 250 मार्कांचं प्रॅक्टिकल म्हणजे 150 पाहिजेत. वर्षभराचं मूल्यमापन 200 चं, त्यात 120. तुमची जॉब डायरी, प्रत्येक जॉबची फिनिशिंग, माप किती बरोबर आलं, हत्यार जागेवर ठेवता का, हे सगळं त्यात येतं. जॉब डायरी मित्राची उतरवून काढली की निदेशकाला एका नजरेत कळतं.

तयारी

थिअरीसाठी चेन्नईच्या निमी संस्थेची पुस्तकं आणि तिची मॉक टेस्ट वापरा, भारत स्किल्स पोर्टलवर क्वेश्चन बँक फुकट आहे. बाहेरची महागडी गाइड घेण्याची गरज नाही. पाठ करायच्या गोष्टी थोड्या आहेत. गेजचा नंबर वाढला की पत्रा पातळ होतो, 16 गेज म्हणजे 1.626 मिमी, 20 गेज 0.914, 24 गेज 0.559. रिव्हेटचं पिच, म्हणजे दोन रिव्हेटमधलं अंतर, रिव्हेटच्या व्यासाच्या किमान 3 पट. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेलं सोल्डर 183 अंशाला वितळतं.

प्रॅक्टिकलचा जीव डेव्हलपमेंटमध्ये आहे, म्हणजे वस्तू उलगडून सपाट पत्र्यावर काढणं. पाइप, एल्बो असेल तर पॅरलल लाइन, शंकूला रेडियल लाइन, चौकोनातून गोल होणाऱ्या तुकड्याला ट्रँग्युलेशन. शॉपमध्ये काम करणाऱ्या पोरांचा हात बसलेला असतो पण तिथं टेम्प्लेट तयार मिळतं, स्वतः काढायची वेळ कधी आलेलीच नसते, आणि परीक्षेत तर ड्रॉइंगच हातात देतात.

एक नरसाळं घेऊन बघू. वरचा व्यास 120, खालचा 30, उंची 60 मिमी. वरची त्रिज्या 60, खालची 15, म्हणजे खालची वरच्याच्या चौथाई. पूर्ण शंकू धरला तर त्याची उंची 80 येते, कारण तळाचं 20 मिमीचं टोक आपण कापून टाकलंय. आता तिरकी बाजू, 60 चा वर्ग 3600, 80 चा वर्ग 6400, बेरीज 10000, वर्गमूळ 100. पत्र्यावर 100 मिमीचा मोठा कंस मारायचा आणि त्याच केंद्रावरून 25 मिमीचा लहान कंस. कोन किती उघडायचा? 360 गुणिले 60 भागिले 100, म्हणजे 216 अंश. इथपर्यंत बऱ्याच जणांना येतं. पुढं चुकतात. जोडाला ग्रूव्ह्ड सीम, म्हणजे दोन्ही कडा दुमडून एकमेकीत अडकवलेला जोड, 6 मिमीची मारायची असेल तर सीमच्या रुंदीच्या तिप्पट म्हणजे 18 मिमी जादा पत्रा लागतो, तो दोन्ही बाजूंना 9-9 वाटायचा. वरच्या काठाला 3 मिमी तार भरायची असेल तर तारेच्या व्यासाच्या अडीचपट, 7.5 मिमी, मोठ्या कंसाच्या बाहेर वाढवायचे. आणि जिथं सीम आणि तारेची कड भेटते त्या कोपऱ्याला नॉच, म्हणजे खाच, मारायचाच, नाही मारला तर तिथं पत्र्याचे थर एकावर एक येतात, तार नीट बसत नाही आणि काठ वेडावाकडा दिसतो. परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

हेच नरसाळं आधी जाड कागदावर करा. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चालतो. कापा, गुंडाळा, टेपनं चिकटवा, तोंड सपाट बसतंय का फरशीवर उलटं ठेवून बघा. हलत असलं तर कंस चुकलाय. असं एल्बो, टी-जॉइंट, चौकोन-गोल तुकडा सगळ्याचं करा, पैसे लागत नाहीत आणि पत्रा वाया जात नाही. प्रत्यक्ष पत्र्यावर आल्यावर रेघ स्क्रायबरनं मारा, पण घडीच्या रेघेवर जोर देऊन ओरखडा काढू नका, जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा असेल तर तिथलं जस्त निघतं आणि घडीवर गंज धरतो. कापल्या कापल्या फाइल मारून बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कूस, काढा. हातमोजे घालूनच पत्रा उचला, सेफ्टीचे मार्क असतात आणि बोटं पण आपलीच आहेत.

निकालानंतर

पास झालात की ई-सर्टिफिकेट पोर्टलवर आणि डिजिलॉकरला येतं, ते उतरवून घ्या आणि नाव परत एकदा तपासा. एखाद्या विषयात राहिलात तर पुरवणी परीक्षेला तेवढ्याच विषयाचा फॉर्म भरता येतो, त्याची तारीख आयटीआयच्या नोटीस बोर्डवर लागते, फोन करून कुणी सांगत नाही. पास झालेल्यांनी लगेच ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा, शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळतं, ती पूर्ण करून तिची परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. वाळूजला किंवा जालन्याला पर्मनंटसाठी विचारायला जाल तेव्हा एनटीसी आणि हे असे दोन्ही कागद फाइलमध्ये असू द्या, सोबत पोर्टलवरच्या नावाशी जुळणारं आधार आणि दहावीची मूळ मार्कलिस्ट.