आमदारांचे ‘विरोधात मत’: आवाजी मतदान आणि मतविभागणी यांतला फरक

अधिवेशन संपले की पुण्यात आमदारांचे कार्यअहवाल घरोघरी येऊ लागतात आणि त्यांत हमखास एक वाक्य असते: ‘अमुक विधेयकाच्या विरोधात मी मतदान केले’ किंवा ‘अमुक विधेयकाला मी पाठिंब्याचे मत दिले’. मतदार ते वाचून समाधानी होतात, नाहीतर चिडतात. मात्र ते मत मोजले गेले होते का, त्याची नोंद कुठे आहे का, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आवाजी मतदान आणि मतविभागणी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याशिवाय असले वाक्य सहसा लिहिताच येत नाही.

मतविभागणी, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मते प्रत्यक्ष मोजून नोंदवणे (सभागृहात ज्याची मागणी करण्याला ‘पोल मागणे’ म्हणतात), ती बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेली आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली, तेव्हा बाजूने १६९, विरोधात शून्य आणि तटस्थ चार अशी नोंद झाली. भाजपने सभात्याग केला होता. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९ असा निकाल लागला. कोण कोणत्या बाजूला उभे होते, हे अशा वेळी नावानिशी कळते. लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध दोन मतांनी संमत झाले आणि त्या दोघांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील होते, हेही आपण ठामपणे सांगू शकतो, कारण घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते आणि ते मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही.

विधानसभेतील नेहमीची विधेयके मात्र या वाटेने जात नाहीत. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, आणि आवाजाच्या अंदाजावरून ‘होयचे बहुमत’ असे जाहीर होते. कोणी त्याच क्षणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली नाही, तर विषय तिथेच संपतो. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होऊन हिशेब संमत होतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

माणसे नेमकी फसतात ती इथे. आवाजी मतदानातून सभागृहाचा निर्णय नोंदला जातो, सदस्याचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो, परंतु ते बहुमत किती होते आणि त्यात कोण कोण होते, हे आवाजी मतदानानंतर कोणालाच सांगता येत नाही. अध्यक्षांनाही नाही, कारण त्यांनी फक्त आवाज ऐकलेला असतो. त्यामुळे ‘मी विरोधात मत दिले’ असे म्हणणाऱ्या आमदाराचा दावा कार्यवाहीतील मतांवरून खराही ठरवता येत नाही आणि खोटाही ठरवता येत नाही. एखादा सदस्य त्या वेळी चहाला गेला असेल, सभागृहात गप्प बसला असेल किंवा जीव तोडून ‘नाही’ ओरडला असेल, मतांच्या नोंदीच्या दृष्टीने तिघांचीही स्थिती एकच राहते.

हा तांत्रिक किस वाटत असेल, तर १२ नोव्हेंबर २०१४ आठवावा. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीचा आग्रह धरला, तो मान्य झाला नाही आणि मोठा गदारोळ झाला. भाजपकडे तेव्हा स्वतःचे स्पष्ट बहुमत नव्हते आणि ४१ आमदारांच्या राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देण्याची तयारी दाखवली होती. त्या दिवशी राष्ट्रवादीच्या प्रत्येक आमदाराने काय केले, हे आज कोणत्याही नोंदीवरून सिद्ध करता येत नाही. मतविभागणी झाली असती, तर त्या पक्षाला उघडपणे बाजूने उभे राहावे लागले असते, तटस्थ बसावे लागले असते किंवा बाहेर जावे लागले असते. आवाजी मतदानाने त्यांना यांतले काहीच करावे लागले नाही. सत्ताधाऱ्यांची त्यात सोय होती, हे सगळे बोलतात. ज्यांना नोंद नको होती त्यांचीही ती सोय होती, हे कमी बोलले जाते.

अलीकडचे उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचे, म्हणजे कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठी आणलेल्या विधेयकाचे आहे. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी स्पष्ट विरोध केला. तो आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी तो बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. त्यानंतर या विधेयकाविरुद्ध बाहेर बरीच भाषणे झाली, परंतु विधानसभेत नावानिशी मते मोजून घेतली गेली नाहीत, म्हणून कोणाचे मत कोणत्या बाजूला पडले याची यादी उपलब्ध नाही.

विरोधक मतविभागणी का मागत नाहीत, याचे उत्तर बहुधा ‘हरणारच होतो, मग कशाला’ असे मिळते. मला हे उत्तर पटत नाही. २८८ जणांच्या सभागृहात हरणे ठरलेले असले, तरी नोंद करून घेण्याचा तोच एक मार्ग असतो. माझ्या मते खरी अडचण अशी आहे की पोल झाला की आपल्या बाकांवरची रिकामी जागाही मोजली जाते. पक्षादेश झुगारला तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपात्रतेचा प्रश्न उभा राहतो, तोही मते मोजल्यावर ठसठशीतपणे समोर येतो. गोंगाटात या सगळ्यावर पांघरूण पडते.

आणखी एका घोळाचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. आवाजी मतदानाने संमत झालेल्या विधेयकाची बातमी ‘एकमताने मंजूर’ अशी दिली जाते. विरोधी आवाज उमटलाच नाही तर एकमत. उमटला, पण मोजला गेला नाही, तर ते एकमत नव्हे. २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक एकमताने संमत झाले, तिथे तो शब्द योग्य होता. जनसुरक्षा विधेयकाला तो लावला, तर निकोले यांचा विरोधच पुसला जातो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. सभात्याग म्हणजे विरोधी मत नव्हे. उपस्थितांतूनच बहुमत मोजले जात असल्यामुळे बाहेर गेलेल्याचे मत कुठल्याच बाजूला धरले जात नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय किंवा शासन निर्णय यांवर सभागृहात मत पडलेलेच नसते, तरी काही अहवालांत तेही ‘मी मंजूर केले’ या सदरात घुसडलेले आढळतात. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांतून निवडून गेलेले आमदार विधान परिषदेत बसतात, पण आवाजी मतदानाची गोष्ट तिथेही हीच आहे.

मग कसब्यातल्या, कोथरूडमधल्या किंवा हडपसरमधल्या मतदाराने आपल्या आमदाराला काय विचारावे? ‘मत कोणाला दिले’ हा प्रश्न मी सर्वांत शेवटी ठेवीन. आधी विचारावे: चर्चेत आपण बोललात का, आणि कोणत्या तारखेला? एखादी दुरुस्ती सुचवलीत का? विधेयक संयुक्त समितीकडे गेले होते आणि आपण तिचे सदस्य होतात, तर भिन्नमतपत्रिका, म्हणजे समितीच्या अहवालाशी असहमती नोंदवणारे टिपण, जोडलीत का? या तिन्हींची लेखी नोंद असते आणि विधिमंडळाच्या कार्यवाहीत किंवा समितीच्या अहवालात ती शोधता येते. माझ्यापुरते सांगायचे, तर विधेयकाच्या एखाद्या कलमावर पाच मिनिटे नेमके बोललेला आमदार मला अहवालात ‘तीव्र विरोध’ छापणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटतो.

त्यानंतर शेवटचा प्रश्न: आपण मतविभागणी मागितली होती का? मागितली नसेल, तर ‘विरोधात मतदान केले’ याऐवजी ‘विरोध होता, पण मते मोजून घेतली नाहीत’ असे छापावे. मागितली असेल आणि अध्यक्षांनी ती नाकारली असेल, तर त्या मागणीचा उल्लेख त्या दिवसाच्या कार्यवाहीत सापडायला हवा. तो उतारा आमदारांनी अहवालात जसाच्या तसा द्यावा.