‘असं किती वेळा होतं?’ : प्रौढांच्या एक्झिक्युटिव्ह फंक्शनच्या प्रश्नावल्यांची पार्श्वभूमी

१९८५ साली पॉल एस्लिंगर आणि अँटोनिओ दमासिओ यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. लेखात त्याला नुसतं ‘ईव्हीआर’ म्हटलंय. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर या हुशार हिशेबनिसाच्या आयुष्याची घडी पार विस्कटली. नोकऱ्या टिकेनात, दिवाळं निघालं, संसार मोडला. जेवायला कुठे जायचं एवढं ठरवायलाही तासन्‌तास लागत. बुद्ध्यांक मात्र उत्तम. रंग, आकार, संख्या यांनुसार पत्ते लावायची विस्कॉन्सिन चाचणी खास मेंदूच्या याच भागासाठी वापरली जाई. तीही त्याने नीट पार केली.

चाचणीला हे दिसलं का नाही? कारण चाचणीच्या खोलीत समोर एकच काम असतं. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे परीक्षक सांगतो. कामाची आखणी, स्वतःला आवर घालणं, वेळ पाहून काम बदलणं, म्हणजे ज्याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात त्यातलं बरंचसं परीक्षकच उरकून देतो! टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये डोक्याला मार लागलेल्या तीन रुग्णांना सरळ बाजारात पाठवलं: पाव आणा, अमुक माहिती काढा, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहा. खोलीतल्या चाचण्यांत बरे गुण मिळवणारे तिथे गडबडले.

पण एकेकाला बाजारात कुठवर पाठवणार? त्यापेक्षा रोज काय होतं ते विचारणं सोपं. डोनाल्ड ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच २५ प्रश्नांत रोजच्या चुका विचारल्या होत्या. या खोलीतून त्या खोलीत आलो कशाला, हे विसरणं वगैरे. १९९६ मध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांच्या ‘बॅड्स’ या चाचणीसंचासोबत ‘डेक्स’ ही प्रश्नावली आली. २० विधानं, आणि असं किती वेळा होतं याला ० ते ४ गुण. माझ्या मते तिचं खरं शहाणपण जोडीच्या फॉर्ममध्ये आहे: एक रुग्णाने भरायचा, दुसरा जवळच्या माणसाने. मेंदूचा हा भाग दुखावला की स्वतःचं बिनसलेलं स्वतःला अनेकदा जाणवतच नाही, त्यामुळे दोन फॉर्ममधली तफावतही काही सांगून जाते.

२००५ चा ‘ब्रीफ-ए’ हा प्रौढांचा प्रश्नसंच मुळात मुलांच्या प्रश्नावलीतून वाढला. २००० सालची ती प्रश्नावली पालक आणि शिक्षक भरत. १८ ते ९० वयाच्या माणसाला कुठले शिक्षक? म्हणून ७५ प्रश्न त्यालाच, शिवाय ओळखीच्या कुणाला तरी. कुणी सगळंच अतिवाईट सांगतोय किंवा उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, हे पकडायची सोयही त्यात होती. २०११ मध्ये एडीएचडीचे (लक्ष न टिकणं, अतिचंचलता या विकाराचे) अभ्यासक रसेल बार्कली यांनी ८९ प्रश्नांची स्वतःची मोजपट्टी आणली.

मग हिशेब मांडला गेला. मॅगी टॉपलॅक, रिचर्ड वेस्ट आणि कीथ स्टॅनोविच यांनी २०१३ मध्ये मुलांवरचे आणि प्रौढांवरचे मिळून २० अभ्यास तपासले. चाचणी आणि प्रश्नावली यांच्यातल्या सहसंबंधाचा मध्यांक निघाला जेमतेम ०.१९ (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). त्यांच्या मते दोन्हींचा विषयच वेगळा: आखून दिलेल्या परिस्थितीत काय जमतं, हे एकीतून कळतं, घरी-दारी हातून प्रत्यक्ष काय होतं, हे दुसरीतून. पुढे टॉम बुकॅनन यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की निरोगी माणसांची स्वतःबद्दलची अशी उत्तरं चाचणीच्या गुणांपेक्षा स्वभावाशी जास्त जुळतात, विशेषतः चिंतातुरपणाशी आणि काटेकोरपणाशी. तेव्हा समोरचा अडलेल्या कामांबद्दल सांगतोय की स्वतःवरच्या नाराजीबद्दल, हे नुसत्या बेरजेतून उमगत नाही.