टँक सायकलिंग (अ‍ॅक्झोलॉटलसाठी)

नव्या अ‍ॅक्वेरियममध्ये प्राणी सोडायच्या आधी फिल्टरमध्ये नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव वाढवून घेणं म्हणजे टँक सायकल करणं. नवी मुंबईत सायकलिंग म्हटलं की पाम बीच रोडवर रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघालेली मंडळी आठवतात, पण इथे सायकल म्हणजे नायट्रोजन चक्र, मराठी पाठ्यपुस्तकातलं नत्रचक्र. रिकामा टँक, चालू फिल्टर, पाण्यात थोडा अमोनिया आणि साधारण चार ते आठ आठवडे वाट बघणं, एवढाच कारभार.

अ‍ॅक्झोलॉटल (अँबिस्टोमा मेक्सिकॅनम) दुकानात ‘वॉकिंग फिश’ म्हणून मिळतो तरी तो मासा नाही, सॅलमँडर आहे, आणि बेडकाच्या पिल्लासारखी जी पाण्यातली अवस्था असते त्यातच तो जन्मभर राहतो. कल्ले बाहेर, पिसांसारखे, आणि अंगावर खवले नाहीत, नुसती उघडी कातडी. खाणं सगळं मांसाहारी, त्यामुळे घाणही भरपूर आणि ती मुख्यतः अमोनियाच्या रूपात. पाण्यात तो दोन रूपांत असतो, मोकळा अमोनिया आणि हायड्रोजन आयन जोडलेलं अमोनियम. विषारी असतो तो मोकळा अमोनिया, अमोनियम त्या मानाने सौम्य. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून पाणी तपासायच्या किटवर दोघा पाळणाऱ्यांचा एकूण अमोनियाचा आकडा सारखाच आला तरी एकाचा प्राणी ठणठणीत आणि दुसऱ्याच्याचे कल्ले आखडलेले, असं होऊ शकतं. अमोनियाचं पुढे नायट्राइट होतं, ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं, आणि शेवटी नायट्रेट, जे पाणी बदलून काढता येतं.

हे काम जिवंत गोष्टी करतात हे कळायलाच बराच काळ गेला. थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्त्स यांनी १८७७ मध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी सोडलं; पहिले वीसेक दिवस खालून अमोनियाच येत राहिला, मग नायट्रेट दिसायला लागलं, आणि क्लोरोफॉर्मची वाफ दिली की ते थांबलं. टँक सायकल करणाऱ्याला ते वीस दिवस ओळखीचे वाटतील. (योगायोग म्हणजे अ‍ॅक्झोलॉटल त्याआधीच, १८६४ मध्ये, मेक्सिकोहून पॅरिसला पोचले होते, एकूण ३४.) १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्कीने हे जीवाणू वेगळे करून दाखवले आणि तिथून ‘नायट्रोसोमोनास अमोनिया खातो, नायट्रोबॅक्टर नायट्राइट खातो’ ही जोडी पुस्तकांत जी बसली ती हौशी लोकांच्या माहितीपत्रकांत आजही हललेली नाही.

खरं तर त्यातला दुसरा भिडू बहुधा चुकीचा आहे. टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममध्ये शोधलं तेव्हा नायट्राइटचं काम करताना नायट्रोबॅक्टर नव्हे, नायट्रोस्पिरा सापडला. पुढे २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या गटाला बऱ्याचशा गोड्या पाण्याच्या फिल्टरमध्ये अमोनियाचं कामही जीवाणूंपेक्षा आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव जास्त करताना दिसले, आणि २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिराच निघाले, त्याला कोमॅमॉक्स म्हणतात. नायट्रोस्पिराचं मत आता स्वीकारायला हरकत नाही. आर्कियाबद्दल जरा जपून बोलावं, कारण ते कमी अमोनियात तरतात आणि आपण सायकल करताना टँकमध्ये एरवीच्या कितीतरी पट अमोनिया ओततो, तेव्हा सुरुवातीला वाढणारी वस्ती आणि वर्षभराने फिल्टरमध्ये राहणारी वस्ती एकच असेल असं नाही. बाटलीतून मिळणाऱ्या ‘बॅक्टेरिया’बद्दल म्हणूनच मतं टोकाची आहेत, आत नेमकं कोण आहे आणि उन्हात पडलेल्या पार्सलमधून कोण जिवंत पोचलं यावर सगळं अवलंबून. ओळखीच्याच्या निरोगी जुन्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर तो जास्त भरवशाचा. दह्याला विरजण लागतं तसंच ते.

ठाणे-नवी मुंबईतली खरी अडचण तापमानाची आहे आणि ती उफराटी आहे. हे सूक्ष्मजीव २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात, म्हणजे इथे हीटरशिवाय सायकल छान होते, एप्रिलमध्ये तर टँक आपोआपच ३० ला असतो. अ‍ॅक्झोलॉटलला मात्र १६ ते १८ हवं, २४ च्या वर त्याला ताण येतो. त्याचं मूळ गाव सोचिमिल्को, मेक्सिको सिटीतलं, समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मी.) पण बरंच वर, आणि आपण त्याला खाडीकाठी आणतो. पाण्यावर पंखा लावायचा उपाय बाष्पीभवनावर चालतो, दमट हवेत तो फारसा लागू पडत नाही, त्यामुळे चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) टळत नाही. आणि चिलर लावला की सूक्ष्मजीवांचा वेग पडतो. ३० अंशांना सायकल पूर्ण झाल्याच्या टेस्टमध्ये (ती शेवटी दिली आहे) पास झालेला टँक १८ ला पास होईलच असं नाही, म्हणून सायकल गरम पाण्यात करून घ्यावी, मग दोनतीन अंश करत उतरवावं आणि थंड पाण्यात परत टेस्ट घ्यावी. हा टप्पा लोक हमखास गाळतात.

दुसरी गोष्ट नळाचं पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणाचं, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीचं, दोन्ही बोअरच्या मानाने मऊ. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) खर्च होते, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते, तीही क्षारताच खाते. मग पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि सायकल अडून बसते, लोक म्हणतात बॅक्टेरिया मेले. चिमूटभर खायचा सोडा टाकला की बऱ्याचदा गाडी पुन्हा चालू होते. घोडबंदर पट्ट्यात टँकरचं पाणी मिसळलेलं असतं तिथे हे सगळे आकडे बदलतात, तेव्हा आपल्याच नळाचं मोजावं. क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकायचाच, सोसायटीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर विशेष.

अमोनियासाठी कोळंबी कुजवणारे आहेत, वास घरच्यांना झेपला तर चालते. मोजून द्यायचा तर अमोनियम क्लोराइड बरा. हा म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर, पण बाजारातल्या खड्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो, पाचच्या वर नेऊ नये. प्राणी टँकमध्ये ठेवूनच सायकल करायची पद्धत माशांत चालवून घेतात, अ‍ॅक्झोलॉटलसाठी नाही.

किटमध्ये अमोनियाची ट्यूब पिवळ्याची हिरवी होते, नायट्राइटची आकाशीची जांभळी. प्रस्तुत लेखकाच्या कळव्याच्या घरी ती जांभळी ट्यूब तीन आठवडे तशीच्या तशी, खिडकीशी धरा नाहीतर ट्यूबलाइटखाली, कारण मध्येच स्पंज शेवाळलेला वाटला म्हणून नळाखाली स्वच्छ धुतला होता. स्पंज धुवायचा तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, आणि तोही नुसता पिळून. लाइट गेली तरी तेच नुकसान, काही तास फिल्टर बंद राहिला की ऑक्सिजनअभावी वस्ती मरायला लागते, त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा.

२ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं सलग काही दिवस दिसलं की सायकल पूर्ण धरतात. तोवर नायट्रेट बरंच साठलेलं असतं, ते २० पीपीएमच्या आसपास येईपर्यंत पाणी बदलायचं. अ‍ॅक्झोलॉटल साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याची नोंदणी लागते, ते कागद होईपर्यंत टँक रिकामा ठेवायचा असेल तर अमोनियाचा डोस चालूच ठेवावा, नाहीतर प्राणी घरी येईस्तोवर फिल्टर उपाशी पडलेला असतो.