पडलेल्या वृद्धाला उठवण्यापूर्वी

वृद्धाश्रमात एखाद्या आजी पडल्या की धावत आलेली माणसे त्यांना काखेत हात घालून तत्काळ उभे करू पाहतात. हेतू चांगला असतो. पण खुब्याचे हाड मोडले असेल तर त्या घाईने इजा वाढते आणि वार्धक्यातला नाजूक खांदा ओढीने दुखावतो. म्हणून मदतनीसाने आधी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावे, वर सरकलेला गाऊन सारखा करावा, जमलेल्यांना बाजूला पाठवावे आणि नजरेला नजर देऊन विचारावे, “आजी, कुठे दुखतंय? हात लावू का?” परवानगीचा हा प्रश्न तपासणीचेही काम करतो, कारण आजी शुद्धीवर आहेत का, बोलताना अडखळतात का, वेदना कुठे आहे, हे उत्तरातूनच कळते. एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, मान दुखत असली किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोके आपटले असले, तर त्यांना न हलवता डॉक्टरांना बोलवावे.

इजा नसेल तर उठण्याचे काम शक्यतो त्यांनाच करू द्यावे. कुशीवर वळावे, कोपरावर भार द्यावा, हात-गुडघ्यांवर यावे, समोर ठेवलेली भक्कम खुर्ची धरावी, आणि प्रत्येक टप्प्यावर हवी तेवढी उसंत घ्यावी. नंतर बसून व उभे राहून रक्तदाब मोजावा. उभे राहिल्यापासून 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा अधिक घसरला, तर पडण्याचे कारण तिथेच असू शकते.

“सांगितलं होतं ना, बेल वाजवा म्हणून!” हे वाक्य मात्र माझ्या मते सर्वांत घातक आहे. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या वृद्धांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पडल्यावर बराच वेळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी जवळ असलेली मदतीची घंटा वाजवलीच नव्हती. तासन्‌तास एका अंगावर पडून राहिल्यास त्वचेला जखमा होतात, दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो. ज्याला एकदा सर्वांसमोर बोलणी खावी लागली, तो पुढच्या वेळी हाक मारायला कचरतो, किंवा पडल्याचे लपवतोच.

म्हणून पडल्याच्या नोंदीत वेळ आणि जागेबरोबर त्या व्यक्तीचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहावे. “रात्री लघवीला जायचं होतं, मावशींना उठवायला संकोच वाटला,” असे आजी सांगत असतील, तर पलंगाला कठडे लावण्यापेक्षा रात्री ठरावीक वेळी मावशींनीच येऊन विचारणे अधिक उपयोगी ठरते. कठडा ओलांडताना त्या आणखी उंचावरून पडू शकतात.