ग्रेड ४, पण कुठल्या गाठीची?

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की आईबाप, फोंड्याचे असोत की वाळपईचे, आधी आकडा शोधतात. "डॉक्टर, कितवी स्टेज?" मुलांच्या मेंदूच्या गाठीत हा प्रश्न जरा चुकतो. स्टेज म्हणजे आजार किती पसरला; रिपोर्टवर असते ती ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक याचा १ ते ४ आकडा, आणि तिथे ४ दिसला की त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

मेडुलोब्लास्टोमाच घ्या. मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगी गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त आढळते, आणि उगवते मागच्या बाजूला, लहान मेंदूत. मूल सकाळी उठल्याउठल्या ओकतं, डोकं दुखतं म्हणतं, चालताना झोकांड्या खातं. ओकतं म्हणून आठवडेच्या आठवडे पोटाचीच औषधं चालतात, हे फार वेळा घडतं. बेली आणि कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९२५ साली 'मेडुलोब्लास्ट' नावाची पेशी गृहीत धरून गाठीचं बारसं केलं. ती पेशी आजवर कुणाला सापडलेली नाही; नाव मात्र चिकटलं.

प्रत्येक मेडुलोब्लास्टोमा ग्रेड ४च. पण जनुकं तपासली की तिचे चार गट पडतात: डब्ल्यूएनटी, एसएचएच (ही दोन नावं पेशीतल्या संदेशमार्गांची), गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली शंभरातली नव्वदहून अधिक मुलं उपचारांनंतर पाच वर्षांनीही हयात असतात. गट ३ची गाठ कण्यापर्यंत पसरलेली असेल, तर निम्मीही नाहीत. आकडा तोच, ४.

उलटंही होतं. मेंदूच्या देठातली एक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी अगदी सौम्य दिसते. पण तिच्यात एच३ के२७ हा हिस्टोन नावाच्या प्रथिनातला बदल सापडला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ती थेट ग्रेड ४. तिथे दोन वर्षं काढणारं मूल दहांत एखादंच. (याच आवृत्तीने ग्रेडचे रोमन आकडे काढून टाकले. दोन, तीनच्या उभ्या रेघांतली एखादी टंकलेखनात गळली तर काय, ही भीती अगदीच पोकळ नव्हती.)

मग ओळखायचं कसं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद म्हणून मांडलेला प्रत्येक आंबा मानकुराद नसतो. साल फसवते, कलम कुठल्या झाडाचं ते कळायला हवं. पेशीच्या डीएनएवर मिथाइलच्या बारीक खुणा असतात. गाठ कुठल्या पेशीपासून निघाली याची आठवण त्या खुणांत बरीचशी टिकून राहते. २०१८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी या खुणांवरून गाठी ओळखणारी संगणकीय पद्धत मांडली. तिने शंभरात सुमारे बारा रुग्णांचं निदानच बदललं. ही चाचणी महागडी आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते. मेडुलोब्लास्टोमाचा गट ओळखायचं बरंचसं काम गाठीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या साध्या तपासणीवरही भागतं.

डब्ल्यूएनटीची मुलं इतकी बरी होतात, तर नेहमीसारखे पूर्ण मेंदूला आणि कण्याला किरण कशाला द्यायचे? पाच वर्षांच्या पोराची उंची खुंटते, अभ्यास मागे पडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने हे करून पाहिलं: पूर्ण मेंदू आणि कणा वगळून किरण फक्त गाठीच्या जागेला दिले. पण गाठी परतल्या आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ते 'नव्वदहून अधिक' कण्याला किरण मिळालेल्या मुलांचे होते. आता किरण बंद करायचे नाहीत, तर मात्रा २३.४ ग्रेवरून (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) १८ किंवा त्याखाली उतरवून पाहायची, असे प्रयोग चालतात.