फार्मासिस्ट फक्त पाकीट देतो?

‘फार्मासिस्ट म्हणजे चिठ्ठी वाचून गोळ्या देणारा’ हा समज जुना, आणि चुकीचा.

क्लोपिडोग्रेलचं उदाहरण घ्या: हृदयाच्या धमनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी गोळी. पोटात जाते तेव्हा ही गोळी निष्क्रियच असते; यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाला लावतं. काहींच्यात जन्मतःच ते मंद. म्हणजे गोळी रोज वेळेवर, तरी गुठळीचा धोका आहेच! अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये तसा ठळक इशारा दिला.

क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्णाच्या उपचारात लक्ष घालणारा फार्मासिस्ट, या एन्झाइमच्या जनुकीय अहवालाशेजारी रुग्णाची बाकीची औषधंही मांडतो. त्यात अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल दिसली की थबकतो, कारण तीही याच एन्झाइमला अडवते. अहवालात एन्झाइम मंद निघालं, तर डॉक्टरांना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलोरसारखा गुठळीरोधक पर्याय सुचवतो. निर्णय डॉक्टरांचाच. हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.