पुण्यात घरावर सोलर आणि बॅटरी : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

घरावर सोलर बसवायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती पॅनल कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावरून. त्याआधी महावितरणचं ताजं बिल समोर घ्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. अर्ज अडकतो तो बहुधा बिलावरच्या नावापाशी, नाहीतर गच्चीच्या हक्कापाशी. बॅटरी हवी की नको, हेही सुरुवातीलाच ठरवावं लागतं, कारण त्यावर इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची, निवड अवलंबून असते.

अनुदान मिळतं ते केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’तून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अर्जदार भारतीय नागरिक असावा, घराला स्वतःचं छत आणि चालू घरगुती वीजजोडणी असावी, आणि सोलर पॅनलसाठी आधी दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. उत्पन्नाची अट नाही.

पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्याहून मोठी यंत्रणा बसवली तरी रक्कम तेवढीच राहते. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचे, म्हणजे बाजारात ज्यांना ‘डीसीआर’ म्हणतात तेच हवेत. कोटेशनमध्ये हा शब्द लिहून घ्या, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त पडतात, पण अनुदान हातचं जातं.

किती किलोवॅट घ्यावेत? महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिटला २ ते ३ किलोवॅट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो आणि साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा मागतो. मोकळी म्हणजे सावली नसलेली. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड, मागे उभा राहिलेला टॉवर, यांची सावली सकाळी नऊला आणि दुपारी तीनला कुठवर येते ते गच्चीवर जाऊन बघा, जमल्यास खडूने आखून ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा सावल्या सर्वांत लांब पडतात. उन्हाळ्यात केलेली पाहणी त्यामुळे फसवी ठरू शकते.

बॅटरीचं काय?

वीज गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना (ग्रिडला) जोडलेला, सोलर भर दुपारीही बंद पडतो. हा बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असताना किंवा वळवाच्या पावसात फीडर गेल्यावर घरात पंखा फिरायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिडबरोबर बॅटरीही जोडता येते असा, आणि बॅटरी लागते. आत्ता बजेट नसेल, तरी निदान इन्व्हर्टर हायब्रिड घ्या. साधा घेतला आणि नंतर बॅटरी जोडायची ठरलं, तर खर्च पुन्हा वाढतो.

बॅटरीला अनुदान नाही. पॅनलचं अनुदान मात्र बॅटरी असली तरी मिळतं, यंत्रणा ग्रिडला जोडलेली असली म्हणजे झालं. निव्वळ ऑफ-ग्रिड, म्हणजे ग्रिडला न जोडलेल्या, यंत्रणेला ते मिळत नाही. केवळ बिल कमी करायचं असेल तर बॅटरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी जास्तीची झालेली वीज महावितरणकडे जाते, तेवढी युनिट आपल्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या बिलात वळती होतात. घरात आजारी माणूस असेल, घरून काम चालत असेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर बॅटरी जरूर घ्या. ५ युनिट क्षमतेच्या लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीवर चार कमी वॅटचे पंखे, दिवे, राउटर आणि टीव्ही रात्रभर सहज निघतात. गिझर आणि एसी त्यावर टाकू नका. बॅटरीवर चालवायच्या उपकरणांसाठी इलेक्ट्रिशियनकडून बॅकअपची लाइन वेगळी काढून घ्यावी लागते.

कागदपत्रं

ताजं वीजबिल, आधार कार्ड, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, घराच्या मालकीसाठी मिळकतकराची पावती किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), आणि छताचा फोटो. बिल, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर नाव एकच हवं. पेठांतल्या जुन्या घरांत आणि सहकारनगर, कोथरूडच्या बंगल्यांत अजूनही आजोबांच्या नावाने बिल येतं. आजोबा हयात नसतील तर आधी मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि मालकीचा कागद देऊन महावितरणकडे नावबदल करून घ्या. थकबाकी असेल तर तीही भरून टाका.

सोसायटीत राहत असाल तर गच्ची सामाईक असते, त्यामुळे सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. ते तोंडी नको, सभेच्या ठरावासह घ्या. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटी स्वतः अर्ज करू शकते. तिला प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात, मर्यादा ५०० किलोवॅटची.

अर्ज

पीएम सूर्यघर पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा. राज्य, वितरण कंपनी म्हणून महावितरण, आणि बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक भरा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी मंजुरी लागत नाही. त्यानंतर सोलर बसवून देणारी, पोर्टलवरच्या यादीतलीच एजन्सी निवडा आणि करार करा. बॅटरी बसवणार असाल तर तसं एजन्सीला अर्जाच्या वेळीच सांगा. मागाहून चोरून जोडू नका, त्यात जिवाचा धोका आहे.

यंत्रणा बसली की एजन्सी तपशील आणि फोटो पोर्टलवर टाकते, मग महावितरण तपासणी करून नेट मीटर लावतं. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज पडण्यापासून बचाव करणारा) समोर उभं राहून बघून घ्या. कार्यान्वित झाल्याचा दाखला आला की बँकेचा तपशील भरायचा, अनुदान थेट अर्जदाराच्या खात्यात येतं. एजन्सीला पैसे मात्र आधी द्यावे लागतात. तेवढी जुळवाजुळव नसेल तर ३ किलोवॅटपर्यंत बँका २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. पाच वर्षं देखभाल ही एजन्सीची जबाबदारी आहे, ती करारात असल्याची खात्री करा. अडचण आली तर योजनेचा मदत क्रमांक १५५५५.

पुणे महापालिका सौर यंत्रणेसारख्या पर्यावरणपूरक प्रकल्पांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. ती आपोआप लागत नाही. यंत्रणा चालू झाल्यावर त्यासाठी महापालिकेकडे वेगळा अर्ज करा.